तोंडात धरलेलं

पाणी आधी जड करावं लागतं.
हाविर्झोवच्या नळाला येतं ते डोंगरातलं, हलकं;
म्हणून श्ट्राम्बेर्कहून चुनखडीचे दगड आणले,
पाठीवरच्या पिशवीत, बसने, दोन खेपांत.
तिसरीला थांब्यापासूनचा चढ निघाला नाही.

नर एक, माद्या चार,
म्हणजे त्याचा जाच वाटला जातो.
हे करविनाच्या क्वेतोस्लावने सांगितलं.
तेवीस वर्षं आम्ही एकाच पाळीत, जमिनीखाली.
मासेही त्यानेच दिले, काकडीच्या लोणच्याच्या बरणीतून.
झाकणाला अजून शेपूचा वास येतो.

सत्तावीस अंश.
दर शनिवारी पाव भाग पाणी नवं, किंचित गार,
पाऊस झाला असं सरोवराला वाटावं म्हणून.
सरोवर म्हणजे एक मीटर बाय चाळीस सेंटिमीटर,
टीव्ही होता त्या जागी.

हिवाळाभर काही नाही.
निळा नर दगडाआड खड्डा करायचा,
वाळू तोंडाने उपसून बाहेर,
परत आत, परत तोंडभर, परत बाहेर.
पगार नसलेली पाळी. मला ते काम ओळखीचं.
मी समोर खुर्ची ओढून बसायचो, वही घेऊन.
द्राहोमीरा भांडी पुसता पुसता म्हणाली,
"तू असा लिहून घ्यायला बसलास तर कुणाला जमेल?
लग्नाच्या रात्री तुझी आई भिंतीपलीकडे खोकत होती,
आठवतं?"
आठवतं.

मार्चमध्ये मला दवाखान्यात ठेवलं, नऊ दिवस.
नळ्या, फोटो, परत नळ्या.
ती सोफ्यावर झोपायची, टाकीच्या शेजारी.
उजेडाने झोप येईना, म्हणून तिने टाकीवर टाकला
माझा खाणीतला जुना कोट.
पाणी बदललं नाही. खाणं अर्धे दिवस विसरली.
मी घरी आलो, कोट उचलला,
तर दगडाच्या बेचक्यात एक मादी,
गालफडं फुगलेली,
जेवणाआधीची प्रार्थना संपण्यापूर्वीच
गरम बटाटा तोंडात टाकलेल्या पोरीसारखी गप्प.

ते कसं घडतं, क्वेतोस्लावने फोनवर सांगितलं.
ती अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते.
नराच्या खालच्या परावर पिवळे ठिपके असतात,
हुबेहूब अंडी. ती तीही उचलायला जाते
आणि त्या फसगतीत तोंडातली फळतात.
याला फसवणूक म्हणायचं का
यावर आम्ही दोघे म्हातारे अर्धा तास बोललो.
बिल त्याचं.

आता तीन आठवडे ती खाणार नाही.
वरून खाणं पडतं, बाकीच्या तुटून पडतात,
ती बघते.
जबडा आतल्या आत हलतो,
अंडी फिरवते, एकेकाला ताजं पाणी लावते.
गप्प बसण्याला मूग गिळणं म्हणतात.
ही गिळत नाही,
अवघड आहे ते तेच.

काच वाजवायची नाही.
जाळी घालायची नाही.
घाबरली तर वेळेआधी थुंकते,
नाहीतर गिळून टाकते,
आणि मग तिला विचारून काही कळत नाही.

मंगळवारी द्राहोमीरा डॉक्टरांना भेटून आली, एकटीच.
म्हणाली, बसला गर्दी होती.
म्हणाली, ओव्याची जुडी महाग झाली,
मग लक्षात आलं तिच्या, ओवा नव्हे, अजमोदा,
आणि तेवढ्यावर ती जरा जास्तच हसली.
ताटात आलुबुखाराचे उंडे तसेच राहिले,
ज्यांच्या शेवटच्यासाठी एरवी माझ्याशी भांडते.
बुधवारीही.
भांडी पुसताना ओठ घट्ट.

मी काही विचारलं नाही.
दिवा उतरवला. रेडिओ बारीक केला.
खुर्ची काचेपासून दोन हात मागे घेतली.
वहीत लिहिलं:
दिवस अकरावा. पाणी सत्तावीस.
दोघी अजून खात नाहीत.